भोपळ्याचा लोफ आणि नमुन्याची नळी

मी भोपळा घेतला, तिथंच सगळं बिघडलं. खरं तर मी दाढीची ब्लेडं आणायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर लाल भोपळ्यांची रास लावलेली, तिच्यावर फुटपाथवरच्या झाडाची पिवळी पानं गळून पडलेली, आणि रास दिसली की माझा हात आवरत नाही. मी धान्याच्या गोदामात नमुना-कारकून आहे. पोतं दिसलं की त्यात टोकदार पोकळ नळी खुपसायची, तळहातावर दाणे घ्यायचे, चोळायचे, फुंकायचे, एक दाताखाली फोडायचा आणि शेरा मारायचा: पास, नापास, किंवा (साहेब शेजारी उभे असतील तर) 'विचाराधीन'. भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली. आवाज चांगला आला. घेतला.

घरी बायको खिडकीचे पडदे सरळ करत होती. ते सकाळपासून सरळच होते.

"ब्लेडं मिळाली?"

"भोपळा मिळाला."

एरवी यावर माझी चांगली हजेरी घेतली गेली असती. पण आज तिचं लक्षच नव्हतं. चार वाजता ताई येणार होत्या.

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. त्यांनी आधी मुक्या जनावरांसाठी दूध, तूप, लोणी, अंडी, मध सगळं सोडलं आणि मग स्वतःच्या गुडघ्यांसाठी धान्यही सोडलं. गेल्या पानगळीत त्या आल्या, तेव्हा हिने मुद्दाम त्यांच्यासाठी नारळाचा केक केला आणि सवयीने भांड्याला आतून लोणी चोळलं. ताईंनी विचारलं. हिने खरं ते सांगितलं आणि वर म्हणाली, "एवढ्याशाने काय होतं?"

या तीन शब्दांनी अख्खं वर्ष खाल्लं. "मी जे जीव लावून पाळते, ते तुझ्या लेखी एवढंसं," असं म्हणून ताई उठल्या, त्या उठल्याच. तेव्हापासून फोन नाही, येणं नाही. बाजारात समोरासमोर आल्या तर दोघी दोन वेगळ्या दुकानांत शिरून एकदमच कांद्याचा भाव विचारत. ही अधूनमधून फोन हातात घ्यायची, नंबर लावायची आणि पलीकडे वाजायच्या आत बंद करायची. मग त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडायचं. आणि काल ताईंचा निरोप आला होता: उद्या चारला येते. बस, एवढाच. मिटवायला येते की उरलेलं भांडण पुरं करायला, ते काही कळेना.

"तिच्यापुढे ठेवू काय मी?" ही म्हणाली. "माझ्या हातचं ती खायची नाही."

"मग माझ्या हातचं खातील," मी म्हणालो. "माझ्या हाताविषयी त्यांची अजून काही तक्रार नाही." (माझ्या हातचा चहासुद्धा आजवर कोणी दुसऱ्यांदा मागितलेला नाही, पण तक्रार कोणी केली नव्हती हे खरं.) "भोपळ्याचा लोफ करतो, पावाच्या आकाराचा केक. दूध नाही, अंडं नाही, धान्याचा कण नाही. मोबाइलवर कृती आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काडीकडे पाहतो तसं. "भांड्याला लोणी लावू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्यांकडे वळली.

आता कृती अगदी सोपी होती, पण तिच्यात वाट पाहणं फार होतं. भोपळा उकडा आणि थांबा. गार होऊ द्या आणि थांबा. जवसाची पूड पाण्यात घाला, अंड्यासारखी चिकट होईपर्यंत थांबा. गोडीसाठी खजूर भिजवा आणि थांबा. मला थांबणं जमत नाही. खजुरावर पाणी ओतलं आणि सारखा हात लावून पाहू नये म्हणून ती वाटी फ्रिजवर ठेवून दिली. तेवढ्यात भोपळा गार झाला का ते पाहिलं. नव्हता झाला. जवस पाहिलं. खिडकीतून रस्ता पाहिला. पुन्हा भोपळा पाहिला. दर खेपेला खिडकीपाशी बायकोचा धक्का लागायचा, कारण तीही रस्ताच पाहत होती.

अखेर बदामाचं पीठ, भोपळा, जवस, खोबरेल तेल, दालचिनी, सोडा आणि लिंबाचा रस यांचा एक केशरी चिखल झाला. भांड्याला लोणी सोडाच, तेल लावतानाही मी बाटली नाकाला लावून खात्री केली. लोफ ओव्हनमध्ये गेला.

"आता पाऊण तास दार उघडायचं नाही," बायकोने बजावलं. "उघडलंत तर बसेल तो. मी साडी बदलून येते. तुम्ही खुर्चीत बसा."

मी बसलो. उठलो. ओव्हनच्या काचेतून पाहिलं. लोफ हळूहळू फुगत होता आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळत नव्हतं. माझी सगळी नोकरी याच एका शंकेवर उभी आहे. वरून पोतं झकास दिसतं, आणि मधोमध बुरशी. आतून कच्चा निघाला तर? ताई पहिल्याच घासाला चमचा ठेवतील, उठतील आणि पुढचं वर्षही जाईल. मी दार उघडलं. (थोडंसंच.) विणायची सुई टोचली. सुईला थोडं पीठ चिकटलं, पण सुई काय सांगणार? ती आतला माल थोडीच बाहेर काढते?

माल बाहेर काढणारी वस्तू माझ्या ऑफिसच्या पिशवीत होती.

नळी साबणाने घासली. गरम पाण्यात धरली. पुन्हा घासली. मग नियमाप्रमाणे चार कोपरे आणि मध्य असे नमुने घेतले. कोपरे पास. मध्य विचाराधीन. थोड्या वेळाने मध्य पुन्हा घेतला. मग मध्याच्या शेजारचा मध्य घेतला. नमुने बोटांत चोळले, उजेडात पाहिले, वास घेतला. ओला माल आम्ही तोंडात टाकत नाही, ती आमच्याकडची शिस्त. लोफ बाहेर काढला तेव्हा त्याची चाळण झाली होती.

"ही भोकं कसली?" साडीच्या निऱ्या सावरत आलेल्या बायकोने विचारलं.

"वाफ जायला."

तिने आणखी काही विचारायच्या आत बेल वाजली.

ताई आल्या, बसल्या. प्रकृती झाली, हवा झाली, पुन्हा प्रकृती झाली. दोघी बोलत होत्या माझ्याशीच. "हिला सांगा, मी पाणी घेतलंय." "ताईंना विचारा, पंखा लावू का." मी दोघींच्या मध्ये टपालखात्यासारखा बसलो होतो. मग लोफ आला.

"हे मी केलंय," मी घाईघाईने म्हणालो. "बदामाचं पीठ. धान्याचा कण नाही. भांड्याला खोबरेल तेल, शपथेवर."

ताईंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण बशीकडे पाहत होती. ताईंनी घास घेतला, सावकाश चावला. बायकोनेही घेतला. मी श्वास धरून बसलो. ताईंनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि दुसरी फोडही उचलली. माझं लग्न, नोकरी, एकंदर जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात ताईंच्या तोंडात कट्ट असा आवाज झाला.

त्यांनी रुमाल ओठांशी नेला, काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. गव्हाचा अख्खा, टपोरा दाणा होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं मला ठाऊक नाही. मी काय केलं ते सांगतो. मी तो दाणा उचलला, पुसला, खिडकीच्या उजेडात धरला, दाताखाली फोडला आणि म्हणालो, "एक नंबर माल. ओलावा कमी, कीड नाही. पास."

"गहू कुठून आला?" बायकोचा आवाज मला ओळखू येईना.

मग मी नळी आणून दाखवली. तिच्या खाचेत आणखी एक दाणा अडकून बसला होता. सगळं सांगितलं, मध्य, मध्याच्या शेजारचा मध्य, सगळं. सांगताना बायकोकडे पाहवत नव्हतं. तिचे डोळे भरले होते, बशी अजून हातातच होती. "ताई, मी खरंच..." एवढं बोलून ती थांबली. वर्षभरात ताईंना उद्देशून तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द होते, आणि ते माझ्यामुळे रडत निघाले.

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून हिच्याजवळ आल्या, हातातली बशी काढून घेतली आणि म्हणाल्या, "वेडी का तू छोटे? एवढ्याशाने काय होतं?"

त्यानंतर दोघी रडल्या, हसल्या, एकमेकींच्या पदराला डोळे पुसून झाले. 'एक नंबर माल' म्हणताना माझा चेहरा कसा झाला होता त्याची ताईंनी नक्कल केली, मग हिने केली. हिची जास्त चांगली झाली, तिला सराव आहे. मी भरून पावलो होतो. दाणा निघाला तर निघाला, लोफने घर जोडलं असं मनाशी म्हणत मी उरलेली फोड पहिल्यांदाच तोंडात टाकली.

चव कसलीच नव्हती. भिंतीच्या चुन्यात दालचिनी घातली तर कदाचित अशी लागेल.

"ताई," मी म्हणालो, "यात खजूर घालायचाच राहिला."

"कळलं होतं मला पहिल्या घासाला," ताई म्हणाल्या. "पण ही खात होती, मग मीही खाल्लं."

"मी तू खात होतीस म्हणून खात होते," ही म्हणाली.

एवढं बोलून ही उठली, फ्रिजवरची वाटी खाली काढली आणि दोघींच्या मध्ये ठेवली. दोघी एकेक खजूर उचलून खाऊ लागल्या. ताईंनी डोळे मिटले.

"हे मात्र सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "किती मऊ! भाऊजी, हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

आयुष्यात माझ्या हातच्या पदार्थाचं झालेलं हे पहिलं कौतुक. त्यात मी फक्त पाणी ओतलं होतं, आणि नंतर विसरलो होतो.