क वर पडलेला शिक्का

फ्रान्सहून झुलालचं पत्र आलं तेव्हा त्याच्या आईने, भिकुबाईने, ते आधी कपाळाला लावलं, मग डोळ्यांना लावलं आणि मग अभिमन गुरुजींच्या हातात दिलं. पहिल्या दोन ठिकाणी पत्राला काही अपाय झाला नव्हता.

झुलाल दोन वर्षांपूर्वी लेबर कंपनीत भरती होऊन मार्सेलच्या गोदीत पोती उचलायला गेला होता. जाण्याआधी गावच्या पोलीस पाटलाच्या, जीवराम पाटलांच्या, कमलशी त्याची सुपारी फुटली होती. आता जर्मनाशी चाललेली लढाई संपली होती, पण पत्रं तपासणाऱ्या साहेबाला ते कुणी कळवलं नसावं. त्याने या पत्रावरही शिक्का हाणला होता आणि तो नेमका एका अक्षरावर बसला होता.

"गुरुजी, बठ्ठं वाचा," भिकुबाई म्हणाली. "येक अक्षर सोडू नका."

पत्र ऐकायला पाटील बायको-मुलीला घेऊन आले होते. कमल लाजून आईच्या मागे, पण पत्राच्या सगळ्यात जवळ, बसली होती. गुरुजी वाचू लागले. पत्र कुणा कोकणातल्या कारकुनाने लिहून दिलेलं होतं, त्यामुळे भाषा शुद्ध होती.

"'इकडे जवळच्या गावातलं एक तरा...' पुढे शिक्का आहे. तरास."

"तरास?" भिकुबाई घाबरली. "कसाना तरास शे मन्हा पोऱ्याले?"

"थांबा. 'तरास मी सोबत घेऊन येत आहे.'" गुरुजींनी विचार केला. "त्रास कुणी आगबोटीत घालून आणत नाही, तो इथेही मिळतो. हे तरस आहे. कारकुनाने काना जास्त दिलाय."

सगळ्यांना हे पटलं. पुढचं वाचून तर खात्रीच झाली. 'त्याला सहा पाय असून तोंड सिंहाचं व पाठ कासवाची आहे. पूर्वी ते नदीकाठची माणसं खात असे. मग मार्था नावाच्या साध्वीने त्याला आपला कमरपट्टा बांधून गावात आणले. ते फक्त बाईमाणसाचं ऐकतं. हे मी कमलसाठी आणत आहे. लग्नानंतर तिने घरात ठेवावं. जागा फार लागत नाही. काही खात नाही.'

"मन्हा पोऱ्या इतला लांबथून तरस कसाले लई ऱ्हायना?" भिकुबाई म्हणाली. "आठे काय कमी शेतस?"

"इथल्यांना चारच पाय असतात," गुरुजी म्हणाले. "हे हिशेबाने दीड तरस झालं."

पाटलांचं लक्ष मात्र शेवटच्या वाक्यावर होतं. त्यांच्या गोठ्यात एकोणीस बकऱ्या होत्या. "काही खास नही!" ते म्हणाले. "जे खातच नही, त्यानी बातमी कोनी लिखस का? मी कव्हय लिखं का, मी मानसं खास नही म्हनीसन?"

पाटलांनी तिथल्या तिथे निकाल दिला की जोवर झुलालच्या घरी तरस, तोवर कमल आपल्या घरी. कमलने मान खाली घातली. भिकुबाई रडू लागली.

पाटील नुसते बोलून थांबणारे नव्हते. त्यांनी तालुक्याला रिपोर्ट पाठवला: परमुलखातून हिंस्र जनावर येत आहे, मारण्याची परवानगी असावी. तालुक्याहून उलट टपाली उत्तर आलं. फ्रान्स हे दोस्त राष्ट्र असल्याने सदर प्राण्यास वरून हुकूम येईपर्यंत मारू नये. तो नर आहे की मादी, ते कळवावं.

पंधरा दिवसांनी झुलाल साक्रीहून बैलगाडीने आला. अर्धं गाव घरांच्या धाब्यांवर चढलं होतं आणि उरलेलं अर्धं दारांच्या फटींतून पाहत होतं. झुलालला वाटलं, गावाने आपला केवढा मान केला! त्याने पत्र्याची ट्रंक उतरवली, पारावर ठेवली आणि कडी काढली. पाटलांनी काठी सरसावली. ट्रंकेतून दोन मोजे निघाले आणि एका मोज्यातून निघालं मुठीएवढं, रंगवलेलं, मातीचं एक बाहुलं. सिंहाचं तोंड, कासवाची पाठ, खाली सहा पाय.

"हे काय शे?" पाटलांनी विचारलं.

"तरास्क, आबा. कमलसाठे."

"तरस?"

"तरास्क! आखरीले क शे. गुरुजी, तुम्ही क वाचा नही?"

"क वर शिक्का होता," गुरुजी म्हणाले. "सरकारी शिक्क्याखालचं अक्षर वाचायला मी काय राजद्रोही आहे?"

पाटलांनी बाहुलं उलटंसुलटं करून पाहिलं. "हे पिल्लू व्हई. मोठं कोठे शे?"

"मोठं तठेच ऱ्हायनं, आबा. ते बी लाकूड-कापडनं सोंग शे. वरीसमा एकदाव त्यानी मिरवणूक काढतस. पोटना मजारमा मानसं ऱ्हातस."

पाटील गर्रकन गावाकडे वळले. "आयका! पोटमा मानसं ऱ्हातस! आनि म्हने काही खास नही!"

त्या दिवसापासून गाव झुलालकडे तिरक्या नजरेने पाहू लागलं. ज्या माणसाने 'आणतो' म्हणून लिहिलं आणि आणलं नाही, त्याने ते वाटेत सोडलं असलं पाहिजे. तो दाढी करताना शीळ घालायचा. ती कुणाला? तो रोज मोजे धुऊन वळणीवर टाकायचा. दोनच पायांचा माणूस, मग मोजे सहा कशाला? तीन जोड आहेत, हे त्याचं उत्तर फारच तयार वाटलं.

आणि आठव्या दिवशी भर दुपारी, पाटील जेवून लवंडले असताना, त्यांची फाटक्या कानाची एक बकरी गेली.

पाटलांनी गुरुजींना बोलावून पंचनामा केला. गोठ्याच्या मागच्या फाटकापाशी मऊ माती होती आणि तिच्यात ठसे उमटले होते. गुरुजींनी वाकून मोजले. चार खुरांचे आणि दोन अनवाणी पावलांचे.

"सहा," गुरुजी म्हणाले आणि चटकन फाटकाच्या आत आले.

पाटलांनी पंचनाम्यात लिहवून घेतलं: 'सहा पायांच्या जनावराचे ठसे मिळाले. पैकी चार बकरीसारखे व दोन बाईमाणसासारखे असून जनावर फार कपटी दिसते. बकरी खाल्ली गेली.' खाली पाटलांची सही, पंच म्हणून गुरुजींची सही. एक नक्कल तालुक्याला.

त्या आठवड्यात आणखी दोन बकऱ्या गेल्या, त्याही दुपारीच. आणखी दोन पंचनामे गेले. पाटलांनी झुलालच्या घरावर नजर ठेवली, पण तो दोन्ही वेळा ओसरीवर आईला लसूण सोलून देत बसलेला होता. मारावं तर हुकूम नव्हता. तालुक्याला अजून नर-मादीचं कळायचं होतं.

संध्याकाळी कमल बापाला भाकर वाढताना म्हणाली, "आबा, पत्रमा लिखेल व्हतं, ते बाईमानूसनंच ऐकस. आनि ते मन्हासाठे आनेल शे."

"मंग?"

"मंग काही नही. पन मी त्या घरमा गऊ म्हनजे ते बी त्याच घरमा ऱ्हाई. आठे कसाले ई?"

पाटलांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या पाटीलकीत त्यांनी अनेक चोर ओळखले होते. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण नेमकं काय ते सुचत नव्हतं.

"तुले भेव नही लागत?"

"लागस ना," कमल म्हणाली. "पन तुम्हन्या सोळाच बकऱ्या ऱ्हायन्यात."

वैशाखात लग्न लागलं. पाटलांनी तिथी धरल्यापासूनच गोठ्यातलं एकही जनावर गेलं नव्हतं, आणि गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मार्थाची गोष्ट सांगू लागले. मांडवात आहेर सुरू झाला, तेव्हा पिंपळनेरची ताईबाई, म्हणजे कमलची मावशी, पुढे आली. तिने भाचीला लुगडं दिलं आणि मागे वळून दाव्याने तीन बकऱ्या ओढल्या. पैकी फाटक्या कानाची एक दावं सोडवून थेट पाटलांकडे धावली आणि त्यांच्या उपरण्याचं टोक तोंडात धरून सवयीने चघळू लागली.

गुरुजी पुढे झुकले. "पाटील, ही तर तुमची..."

पाटलांनी आधी बकरीकडे पाहिलं. मग ताईबाईकडे पाहिलं. ती मांडवाच्या झालरी बघत होती. मग कमलकडे पाहिलं. कमल नवऱ्या मुलीने बसावं तशी बसली होती आणि झुलाल, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, सासऱ्याकडे पाहून हसत होता. पाटलांच्या ओठांवर शब्द आले, आणि त्याच वेळी त्यांना तालुक्याला गेलेल्या तीन नकलाही आठवल्या.

"गुरुजी, नीट देखा," ते हळू म्हणाले. "मन्ही ती मरेल शे. तुम्हनी सही शे खाले."

गुरुजींनी नीट पाहिलं. "खरंच," ते म्हणाले. "कान सोडला तर काहीच साम्य नाही."

बकरीने उपरणं निम्मं संपवलं. घरची असती तर पाटलांनी तिला दोन ठेवून दिल्या असत्या; पण लोकांच्या आहेराच्या बकरीवर भर मांडवात हात कसा उचलायचा, म्हणून त्यांनी उरलेलं उपरणं तिच्याकडे सरकवलं.