मिसेस थ्वेट यांचा पूर्णविराम

मिसेस ऑड्री थ्वेट दरवर्षी अकरावीच्या वर्गाला एक कविता शिकवून रडवत असत. इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत एक कविता अनोळखी येते, तिच्या सरावासाठी त्यांनी ही निवडली होती. कवी गावातलेच, सेड्रिक हॉर्सफॉल. कवितेचं नाव 'मंगळवार', आणि ओळी फक्त चार.

बाबा गेले. दूध आणायला
टेबलावर सात कप मांडलेले
घड्याळाला मी किल्ली दिली
आज ती कुणीतरी द्यायला हवी होती

या चार ओळींवर बाई दोन तास बोलत, आणि त्यातला दीड तास पहिल्या ओळीतल्या पूर्णविरामावर. "बाबा गेले. इथे थांबा! हा पूर्णविराम नाही, शवपेटीला ठोकलेला खिळा आहे. 'दूध आणायला' ही मोठ्यांनी पोराची घातलेली समजूत." इथवर आलं की मागच्या बाकावरचे धटिंगणसुद्धा नाक पुसू लागत. कुणी म्हणालंच, "मिस, कवीलाच विचारू या ना," तर उत्तर ठरलेलं होतं. "कवीला विचारणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं!"

यंदा शाळेची तपासणी निघाली. मुख्याध्यापक ग्लॅडविन बाईंना खोलीत बोलावून म्हणाले, "ऑड्री, हल्ली तयार स्लाइड मिळतात. पडद्यावर दिसतं, मुलं उतरवून घेतात, भानगड नाही. तपासनीस बाईंना तुमचा तास पटला नाही, तर पुढच्या वर्षीपासून तुम्हीही स्लाइडच वापरायच्या."

मिसेस थ्वेट यांना स्लाइडचा मनापासून तिटकारा होता. पडद्याकडे बघत कविता शिकवायची, तर त्यापेक्षा घरी बसून विणकाम केलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी ठरवलं, तपासनीस बाईंसमोर 'मंगळवार'च शिकवायची.

तपासणी म्हणून शाळेत झाडलोट सुरू झाली. स्टॅन नावाच्या देखभाल करणाऱ्या माणसाने खिडक्या धुतल्या, दारांच्या कड्या घासल्या, आणि हात फिरताच आहे तर झेरॉक्स मशीनची काचही व्हिनेगरने लख्ख पुसली. त्या काचेवर फार वर्षांपूर्वी सांडलेला जॅमचा एक थेंब वाळून बसला होता. तो गेल्याचं स्टॅनलाही कळलं नाही.

गुरुवारी तपासनीस मिसेस पेनहॅलिगन मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. बाईंनी कवितेच्या सकाळीच काढलेल्या ताज्या झेरॉक्स प्रती वाटल्या. स्वतः बघितल्या नाहीत, कविता तोंडपाठ होती.

"पहिली ओळ. काय घडलंय?"

केझाया बिकरस्टाफचा हात वर गेला. हिच्या वडिलांचं कोपऱ्यावर पेपर-दुधाचं दुकान. "मिस, बाबा दूध आणायला गेलेत."

"ही झाली मुलाची समजूत. पण खरं काय?"

"खरंच दूध आणायला गेलेत. एवढंच लिहिलंय."

"आणि पूर्णविराम?"

"कुठला पूर्णविराम?"

बाईंनी कागद हातात घेतला. खिडकीशी नेला. उलटा करून पाहिला. मागून डेंझिल नावाचा मुलगा ओरडला, "माझ्याकडे आहे मिस! ताईचा जुना कागद आणलाय मी. यात बाबा मेलेत!"

"आमच्यात जिवंत आहेत!"

"मेलेत!"

"अरे, दुकानात गेलेत, मठ्ठ!"

या गदारोळातच पाकशास्त्राचे मिस्टर ऑग्डेन ताटभर स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, घेऊन दारात उभे राहिले. त्यांना तपासणीचं भानच नव्हतं. "ऑड्री, फुगले! माझे स्कोन फुगले! इतकी वर्षं मी पोरांना शिव्या घालतोय. अहो, कृतीच्या कागदावर बेकिंग पावडर दीड ग्रॅम दिसायची, आज पंधरा निघाली. आजच्या झेरॉक्सवर मधलं टिंबच गायब झालंय!"

पोरं आपापला कागद डेंझिलच्या जुन्या कागदाशी लावून बघू लागली. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि बाईंच्या डोक्यात सर्वांत शेवटी. त्या खुर्चीत बसल्या. मागच्या बाकावर पेन भराभर चालत होतं. बाईंना डोळ्यांसमोर स्लाइड दिसू लागल्या.

केझायाचा हात पुन्हा वर. "मिस, पण एक विचारू? बाप-लेकाला सात कप कशाला? आमच्या दुकानात भर दुपारी दुधाला धावत कोण येतं, तर ज्याच्या घरी माणसं जमलीत तो."

बाईंनी कविता वाचली. पहिल्यांदाच वाचावी तशी वाचली. "मला माहीत नाही, केझाया," त्या म्हणाल्या.

मागचं पेन थांबलं.

"हॉर्सफॉल आमच्याकडून पेपर घेतात. नंबर आहे माझ्याकडे. लावू?"

अख्खा वर्ग बाईंकडे बघू लागला. कॉपीचं वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं. "लाव," त्या म्हणाल्या.

केझायाने स्पीकर लावला. पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. "कोण?"

"सेड्रिक हॉर्सफॉल आहेत?"

"नाही. दूध आणायला गेलाय. मी त्याचा बाप."

दोन मुली किंचाळल्या. केझाया चाचरत म्हणाली, "म्हणजे... तुम्ही जिवंत आहात?"

"सकाळी चहा प्यालो तेव्हा तरी होतो. का गं?"

तिने सगळा घोटाळा सांगितला आणि कविता वाचून दाखवली.

"हो, गेलो होतो मी दूध आणायला. दुसरं कोण जाणार? विनिफ्रेडला, पोराच्या आईला, नुकतंच दफनभूमीत पोचवून आलो होतो. तिच्या बहिणी चहाला थांबलेल्या, आणि घरात दुधाचा थेंब नाही. दुधाचं तीच बघायची ना. घड्याळाचंही तीच. परत आलो, तर पोराने किल्ली देऊन ठेवलेली. मी काही बोललो नाही त्याला. बोलायला हवं होतं."

मग म्हाताऱ्याला काहीतरी आठवलं.

"आणि पोरी, काय म्हणालीस, तुम्ही दरवर्षी माझ्यासाठी रडता?"

"हो."

"कमाल आहे! मी इथे ठणठणीत, आणि तिच्यासाठी कुणी नाही? जरा तिच्यासाठी रडा की!"

फोन बंद झाला. इतक्या वर्षांत त्या कवितेवर मिसेस थ्वेट स्वतः कधी रडल्या नव्हत्या. आज त्यांना रुमाल सापडेना. मिसेस पेनहॅलिगननी आपला पुढे केला, पण तो आधीच ओला होता.

स्कोनच्या वासाने ग्लॅडविन तेवढ्यात वर्गात आले. मिसेस पेनहॅलिगननी त्यांना विचारलं, "हा तास स्लाइडवर बसेल?"

"हा? छे, हा कसा बसणार?"

"मग राहू दे असाच."

ऑग्डेननी स्कोन वाटले, चहा केला, आणि मग लक्षात आलं की दूध संपलंय. ग्लॅडविनना तिथून सटकायचंच होतं. "मी आणतो," म्हणत ते कोटासकट पळाले.

जरा वेळाने कार्यालयातल्या मिसेस टटरसॉल दारात डोकावल्या. "ग्लॅडविन सर कुठायत?"

"सर गेले," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, आणि बाईंनी शिकवलं होतं तसा बरोब्बर थांबला.

मिसेस टटरसॉल पांढऱ्याफटक पडल्या. मिसेस थ्वेटनी डोळे पुसले, चहात चमचा फिरवला, आणि तो पूर्णविराम अंमळ तसाच राहू दिला.

"दूध आणायला," मग त्या म्हणाल्या.