वरून कोथिंबीर

सहदेवच्या दुकानातून कोणी नुसतं वजनाएवढं घेऊन गेलं, असं अकोल्याच्या जुन्या शहरात कधी झालं नव्हतं. पाव किलो वांगी मोजताना काटा स्थिर व्हायच्या आत एक वांगं वर पडायचं, आणि गिऱ्हाइकाने पिशवी उचलली की तिच्यात कोथिंबिरीच्या चार काड्या. हे सगळं न बोलता. वरून दिलेलं बोलून दाखवलं की त्याची चव जाते, असं तो म्हणायचा.

त्याची मुलगी वर्षाली अमरावतीला कॉम्प्युटर शिकली आणि तिने निवडलेलं काम बापाच्या धंद्याच्या अगदी उलट निघालं. मोठ्या फाइली दाबून लहान करायच्या आणि उघडल्या की पुन्हा होत्या तशा बाहेर काढायच्या. पुण्याच्या एका कंपनीने याच्या संशोधनासाठी अमरावतीत ऑफिस उघडलं होतं, आणि तिथे एक जागा निघाली होती.

"म्हंजे वाळवलेल्या गवारीसारखं," लीलाबाई नवऱ्याला समजावत म्हणाली. "वाळवली का मूठभर, भिजवली का पातेलंभर."

"तसंच, आई. पण भिजवल्यावर झाडावरची होती तशी दिसली पायजे. एक शेंग कमी नाही, एक जास्त नाही."

सहदेवने यातलं 'कमी नाही' तेवढं ध्यानात ठेवलं. जास्तीबद्दल तक्रार त्याने जन्मात ऐकली नव्हती. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. अमरावती म्हणजे बसने दोन-अडीच तास. पोरगी दर शनिवारी घरी येईल. तिच्यासाठी शनिवारची भरताची वांगी कोणत्या शेतावरून आणायची, इथपर्यंत त्याचं ठरलं होतं.

परीक्षा घरूनच द्यायची होती. कंपनीने एक मोठी फाइल पाठवली होती. वर्षालीने ती स्वतःच्या प्रोग्रामने दाबली, पुन्हा उघडली, मूळ फाइलशी ताडून पाहिली. तंतोतंत जमलं होतं. आता दाबलेली आणि उघडलेली, दोन्ही फाइली पाठवायच्या, की झालं. तेवढ्यात लाइट गेली आणि घरातलं इंटरनेटही गेलं. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ती शेजारच्या दीपमालाचा फोन मागायला धावली.

सहदेव जेवायला घरी आला होता. त्याने पडद्यावरच्या उघड्या फाइलीत पाहिलं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, खालपर्यंत नुसते कोरडे. शेवटी ना नमस्कार, ना देवाचं नाव.

"असं सायबाकडे पाठवून राहिली ही?" तो पुटपुटला. "भिकाऱ्यालेही आपण असं देत नाही."

टायपिंग त्याला वर्षालीनेच शिकवलं होतं. दुकानाचे भाव लिहिता यावेत म्हणून ती रोज संध्याकाळी न कंटाळता त्याचं बोट धरून एकेक अक्षर दाखवायची. त्या एका बोटाने त्याने शेवटी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'जय गजानन. नमस्कार.' आणि तिने बजावून बजावून पक्कं केलेला धडाही तो विसरला नाही: "बाबा, काईही लिहिलं का पयले सेव्ह करायचं." सहदेवने सेव्ह केलं.

वर्षाली फोन घेऊन परत आली, त्याच्या इंटरनेटवरून तिने फाइली पाठवल्या. सहदेव काही बोलला नाही. वरून दिलेलं बोलून दाखवायचं नसतं.

संध्याकाळी कंपनीच्या प्राजक्ता मॅडमचं उत्तर आलं. उघडलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही, अर्ज रद्द.

वर्षालीने जेवण सोडलं. तिने स्वतःचा प्रोग्राम ओळ न् ओळ उसवला. अमरावतीचा तिचा वर्गमित्र नितेश फोनवरून तिच्याबरोबर चूक शोधत बसला आणि शेवटी म्हणाला, "तुही रीतच चुकली असंन." तिलाही ते पटायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने पाठवलेली फाइलच उघडली.

"आई, शेवटी काही अक्षरं जास्त आहेत. हे आलं कुठून?"

सहदेवने मागून वाकून पाहिलं.

"थे मी लिहिलं, पोरी."

"काहून, बाबा?"

"वरून."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने लॅपटॉप हळूच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता सहदेवने पिशवीभर वांगी घेतली आणि अमरावतीची बस पकडली. कंपनीच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं.

"पिशवीत काय आहे?"

"वांगे. मॅडमसाठी."

पहारेकऱ्याने वर फोन लावला. प्राजक्ता मॅडम घाईघाईने खाली आल्या. सहदेवने सगळं सांगितलं आणि पिशवी पुढे केली. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"काका, उमेदवाराच्या घरून काही घेतलं तर माझीच नोकरी जाईल."

"नोका घेऊ मंग. पोरीची गेली, आता तुमची नोका जाऊ देऊ."

मॅडमना हसू आवरेना. "चूक तुमची होती, हे मला पटलं. तिचा प्रोग्राम खरंच चांगला आहे. पण ही जागा काल भरली." सहदेवचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "असं करू. आमच्या बंगळूरच्या ऑफिसला अशीच माणसं हवी आहेत. मी तिचा अर्ज तिकडे पाठवते. परीक्षा मात्र पुन्हा द्यावी लागेल."

सहदेवने हात जोडले. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत तो आनंदात होता. मग त्याला कळलं, की आपण पोरगी बंगळूरला देऊन आलो आणि वांगी परत घेऊन चाललो.

वर्षालीने परीक्षा पुन्हा दिली. ती होईपर्यंत सहदेव दुकानातच बसून राहिला, घरी जेवायलाही गेला नाही. या वेळी फाइल जुळली. नोकरी लागली.

तेव्हापासून त्याचा काटा सरळ झाला. वजन भरलं की हात मागे. रोज भाजी घ्यायला येणाऱ्या मैनाबाईने पिशवी उघडी धरून वाट पाहिली.

"काय रे सहदेव, कोथिंबीर काय पोरीनं दाबून लहान केली?"

"जेवढ्यास तेवढं, मावशी. जास्त दिलं का लोकायचं नुकसान होते."

"माह्यं कोनतं झालं रे, बाप्पा?" मैनाबाई म्हणाली आणि रिकाम्या पिशवीकडे बघत निघून गेली.

वर्षाली निघाली त्या दिवशी स्टेशनवर तिघंच होती. बॅग सहदेवने भरली होती. गाडी लागली तशी वर्षाली खिडकीशी बसली आणि बॅग मांडीवर घेऊन तिने चाचपली.

"एवढंच, बाबा?"

"तू सांगितलं तेवढंच. एक लाडू जास्त नाही. मोजून घे."

गाडीने धक्का दिला. वर्षालीने गजांमधून ओंजळ बाहेर काढली, मैनाबाई पिशवी धरायची तशी.

"अन् वरून?"

सहदेवने खिसे चाचपले. दोन्ही रिकामे. लीलाबाईकडे पाहिलं, तिने पदर तोंडाला लावला होता. गाडी हलली. तो खिडकीबरोबर चालू लागला. द्यायला दुसरं काहीच सुचेना, तेव्हा गजांना तोंड लावून तो घाईघाईने म्हणाला,

"जय गजानन. नमस्कार."

वर्षालीने ओंजळ मिटली.

"सेव्ह केलं, बाबा."