गोळीच्या मार्गातला दिवा

"हे वाक्य काप," दिग्दर्शकाची बायको सेटवर येताच पुन्हा म्हणाली. ती त्याच्या चित्रपटाची संकलक होती, त्यामुळे काय कापावे हे सांगण्याचा अधिकार तिला घरीदारी सारखाच होता. "पोलिसाच्या गोळीने रस्त्यावरून जाणारा माणूस मरतो, इथवर पटतं. पण चौकशी समिती म्हणते, 'गोळीचा मार्ग पूर्वनिश्चित होता. त्या मार्गात येताना मयताने आवश्यक दक्षता घेतली नाही.' असं कोणी लिहितं का?"

"उपहास आहे तो."

"अतिशयोक्ती आहे ती."

त्या एका वाक्यासाठीच दिग्दर्शकाने हा चित्रपट काढला होता. आता गोळीबाराचे दृश्य तेवढे उरले होते, नट उद्या परदेशी निघणार होता, आणि पोलिसाच्या गणवेशातला हा नट पिस्तूल ओल्या साबणासारखे धरत होता.

बंदोबस्ताला आलेला हवालदार बराच वेळ हे सोसत होता. शेवटी तो पुढे झाला. "अहो, असं नसतं. हे बघा," म्हणत त्याने कमरेचे पिस्तूल काढले.

नटाच्या हाती देण्यापूर्वी रबराचे पिस्तूल सर्वांना वाकवून दाखवायचे, असा सेटवर कडक नियम होता. खऱ्या पिस्तुलासाठी नियम करण्याचे कोणाला सुचले नव्हते.

आवाज झाला. नटाच्या डोक्यावरचा मोठा दिवा फुटला. सगळे जमिनीवर आडवे झाले. हवालदार तेवढा उभा होता आणि, पिस्तूल न विचारता मध्येच बोलले असावे, तसा त्याच्याकडे पाहत होता.

निरीक्षक आले. त्यांनी शांतपणे पाहणी केली आणि टेबलावरचे रबरी पिस्तूल रुमालात गुंडाळले.

"अहो साहेब, ते रबराचं आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"गोळी सुटली तेव्हा इथे पिस्तुलं दोनच. एक माझ्या माणसाचं. त्याच्यावर लगेच संशय घेणं बरं दिसत नाही. उरलं कुठलं?"

दिग्दर्शकाने मनातल्या मनात वजाबाकी तपासली. वजाबाकी बरोबर होती. "पण ते भरीव आहे. त्याला नळीच नाही."

"ते निघेल चौकशीत. काही महिने लागतात."

"कॅमेरा चालू होता. सगळं चित्रित झालंय."

"छान. तुमचा नट पोलिसाच्या गणवेशात आहे ना?"

"आहे."

"आमचा हवालदारही आहे. मग त्यातला कोण कोणता, हे कसं ठरवणार?"

बायकोचा संयम सुटला. "साहेब, माणूस मेला असता."

"मेला नाही, हीच तर पंचाईत आहे, ताई. माणूस मेला की काय लिहायचं ते ठरलेलं असतं. दिव्यासाठी मजकूर नाही आमच्याकडे." निरीक्षकांची नजर टेबलावरच्या पटकथेवर पडली. त्यांनी पान वाचले, मग पुन्हा वाचले. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"खात्यात होता का आधी?"

"नाही."

"खरं वाटत नाही. 'मयत' काढून 'दिवा' घातला, की झाला अहवाल. दोष दिव्याचाच असेल, तर पिस्तूल कुठलं हा प्रश्नच राहत नाही." त्यांनी वाक्य उतरवून घेतले आणि रबरी पिस्तूल रुमालातून सोडवून परत केले.

संध्याकाळपर्यंत दृश्य पार पडले. "ते वाक्य राहू दे," बायको म्हणाली. "आता पटतं."

चित्रपट तपासणी मंडळाकडे गेला. मंडळाला गोळीबार चालला, प्रेतही चालले. हरकत एकच निघाली: चौकशी समितीच्या तोंडचे वाक्य पोलीस खात्याच्या अहवालातून विनापरवानगी उचलले असून, मूळच्या 'दिव्या'च्या जागी 'मयत' घालून अतिशयोक्ती केली आहे, सबब ते वगळावे.

दिग्दर्शकाने ते वाचून कागद बायकोपुढे सरकवला. तिने चष्मा लावला, वाचले आणि संकलनाचे यंत्र सुरू केले.

"मी पहिल्यापासून काय म्हणत होते?"