घोडेतळ्याचा दोनशेवा रविवार

निसर्गाचं रक्षण ही काळाची गरज आहे, आणि ही गरज रविवारी सकाळी सात ते पावणेआठ या वेळात भागवून टाकली की माणूस आठवडाभर मोकळा राहतो. हे सत्य उमगायला भल्याभल्यांचं आयुष्य जातं. शिवाजी पेठेतल्या 'घोडेतळं संवर्धन सेवा पथका'ला ते पहिल्याच बैठकीत उमगलं, आणि त्यानंतर पथकाने मागे वळून पाहिलं नाही. (पाहिलं असतं तर तळं दिसलं असतं.)

घोडेतळं शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथे पूर्वी घोडी धूत असत म्हणे. सध्या एका कोपऱ्यात बायडाबाईच्या तीन म्हशी डुंबतात आणि बाकीच्या पाण्यावर जलपर्णी पसरलेली असते. ती काढून तळं मोकळं करणं हे पथकाचं ध्येय. हजेरीपटावर सभासद चौसष्ट, प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे नऊ, काठावरून सूचना करणारे बावीस, फोटोत अठ्ठावन्न. नंतरच्या मिसळीला एकाहत्तर. (हे जास्तीचे सात कोण, याचा शोध चालू आहे. ते नियमित येतात, म्हणून त्यांना सभासद करून घ्यावं असाही एक मतप्रवाह आहे.)

पाण्यात उतरणाऱ्या नऊ जणांत जोतीराम होता. त्याने इचलकरंजीत चौतीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा माणूस. बिघाड दिसला आणि हात लावला नाही, असं त्याच्याकडून कधी झालं नव्हतं. सार्वजनिक कार्यात हा स्वभाव किती घातक ठरतो याची त्याला निवृत्त होईपर्यंत कल्पना नव्हती.

त्याच्या वडिलांनी लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून त्याला याच तळ्यात ढकललं होतं. बाराव्या वर्षी डबा सोडून तो पलीकडच्या दगडी पायऱ्यांपर्यंत पोहत गेला. त्या दिवशी त्याला जितका आनंद झाला तितका पुढे लग्नातही झाला नाही. (हे त्याने घरी सांगितलेलं नाही.) आता बासष्टाव्या वर्षी त्याला तेवढंच अंतर आणखी एकदा पोहायचं होतं. बस्स, एवढंच. पथकाच्या अर्जात 'सहभागाचा उद्देश' या रकान्यात त्याने 'पोहणे' असं लिहिलं. पथकाचा चिटणीस विश्वजित याने ते खोडून 'वसुंधरेचं ऋण' असं लिहिलं, कारण बाकी त्रेसष्ट अर्जांत तेच होतं आणि एकसारखेपणाला शिस्तीत मोठं महत्त्व आहे.

पथकाची शिस्त खरोखर वाखाणण्यासारखी होती. सात वाजता 'आधी'चा फोटो, चेहरे चिंताग्रस्त. सात दहा ते सात चाळीस श्रमदान. सात चाळीसला 'नंतर'चा फोटो. चेहरे प्रसन्न, कपाळावर चिखल. (चिखल घमेल्यात आधीच कालवून ठेवलेला असे. ज्येष्ठांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.) काढलेल्या जलपर्णीचा ढीग अगदी पाण्याच्या कडेला रचायचा, असा नियम होता. कारण ढीग लांब टाकला तर ढीग आणि तळं एका फोटोत मावत नाहीत, आणि वेगवेगळे फोटो टाकले तर ढीग याच तळ्यातला हे लोकांना कशावरून कळणार?

आता कडेला रचलेला ओला ढीग आठवडाभरात घसरतो आणि पुन्हा पाण्यात जातो, हा निसर्गनियम आहे. निसर्गनियमाशी पथकाचं भांडण असण्याचं कारण नव्हतं. जोतीरामने आपल्या तिसऱ्याच रविवारी विचारलं, "दादा, ह्यो ढीग वर बांधापल्याड टाकला तर?"

पथकप्रमुख हंबीरराव मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांचं फरशीचं दुकान होतं आणि बोलणंही फरशी बसवल्यासारखं, ठोकून. ते म्हणाले, "मामा, तुमी नवीन हाय. फोटोत ढीग दिसाय पायजे का न्हाय?"

"पायजे की."

"मग झालं तर!"

जोतीरामने फडताळातली जुनी डायरी काढली आणि हिशोब मांडला. दर रविवारी तीन ट्रॉली याप्रमाणे पथकाने एकशे सत्याऐंशी रविवारांत पाचशे एकसष्ट ट्रॉली जलपर्णी काढली होती. तळ्यात मुळात मावते चाळीस ट्रॉली. म्हणजे तळं चौदा वेळा पूर्ण स्वच्छ झालं होतं आणि एकदाही स्वच्छ दिसलं नव्हतं. हा आकडा त्याने विश्वजितला दाखवला. विश्वजितला तो इतका आवडला की 'एकच तळं, चौदा वेळा स्वच्छ!' असा फलक दुसऱ्याच दिवशी पेठेत लागला.

त्या फलकाखाली उभा राहून जोतीरामला पहिल्यांदा वाटलं, की आपण पोहायच्या आधीच म्हातारे होणार. त्याला वाईट वाटलं. आणि मग त्याने आयुष्यातली पहिली बेशिस्त केली. तो सोमवारी तळ्यावर गेला.

सोमवारी तळ्यावर बायडाबाई असते. तिला पथकाबद्दल आदर होता; रविवारी ती म्हशी घेऊन लांब थांबायची, कारण फोटोत म्हैस आली तर फोटो पुन्हा काढावा लागतो. जोतीरामला जलपर्णी ओढायचं दाताळं घेऊन एकटाच उतरलेला बघून ती म्हणाली, "अण्णा, आज तर सोमवार हाय. चुकून आलासा जणू?"

"न्हाय, मुद्दाम आलोय. मला पल्याड पवत जायाचंय."

बायडाबाईने तळ्याकडे पाहिलं, जोतीरामकडे पाहिलं आणि पदर खोचला. "त्ये कडंला टाकू नगासा. वर द्या हिकडं. माझ्या उसाच्या सरीत आच्छादन हुतंय."

त्या दोघांच्या अंगावर पथकाचा टी-शर्ट नव्हता, हाती फलक नव्हता, ढोल नव्हता. 'आधी'चा फोटो कुणी काढला नाही. अशा अशास्त्रीय पद्धतीने ती दोघं सोमवार ते शनिवार, रोज दोन तास, अकरा आठवडे राबली. रविवारी जोतीराम शिस्तीत पथकाबरोबर कडेला ढीग रचायचा आणि सोमवारी तोच ढीग पहिल्यांदा बांधापल्याड न्यायचा. हळूहळू तळ्याच्या मधोमध पाणी दिसू लागलं. मग पलीकडच्या पायऱ्या दिसल्या. पायरीवर खंड्या येऊन बसला, तेव्हा जोतीराम कंबरभर पाण्यात उभा राहून एखाद्या पोरासारखा हसला.

पथकाच्या हे लक्षात आलं नाही, कारण रविवारी सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे असत.

लक्षात आलं ते दोनशेव्या रविवारच्या दोन दिवस आधी. दोनशेव्या रविवारचा मोठा घाट घातला होता. मंडप, ध्वनिक्षेपक, मान्यवर पाहुणे. पाहुणे चंदेरी रंग दिलेल्या दाताळ्याने जलपर्णीचा एक झुबका काढणार आणि पथकाने नव्याने घेतलेल्या जीवरक्षक ट्यूबचं लोकार्पण करणार. मंडप कुठे घालायचा हे बघायला हंबीरराव शुक्रवारी तळ्यावर गेले आणि परत येऊन पथकाच्या बैठका व्हायच्या त्या पेठेतल्या तालमीच्या खोलीत मटकन बसले.

"तळं साफ झालंय," ते म्हणाले.

कुणीतरी पंखा बंद केला.

"कुणी केलं?" विश्वजितने दबक्या आवाजात विचारलं. संशयाची सुई अर्थातच पलीकडच्या तालमीकडे वळली. गेल्या फुटबॉल हंगामात पेठेच्या संघाकडून उपांत्य सामना हरल्यापासून ते कुठल्याही थराला जातील अशी पेठेत वदंता होतीच. चोरीला गेलेल्या ऐवजाची नोंद झाली: जलपर्णी, हिरवी, अंदाजे एकोणचाळीस ट्रॉली. निषेधाचा ठराव निम्मा लिहून झाला होता, तेवढ्यात जोतीराम उभा राहिला.

"म्या केलंय. म्या आन बायडाबाईनं."

हंबीरराव रागावले नाहीत. रागावण्यापलीकडचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "मामा," ते म्हणाले, "आमी तुमास्नी आपला मानूस समजत हुतो. दोनशे रविवार आमी ह्ये तळं जपलं! आता परवा पावण्यानं काडायचं काय, माझी मिशी? आन साफ तळं बगाय कोन येतंय हो?"

हा प्रश्न सगळ्यांना इतका पटला, की पुढचा ठराव बिनविरोध झाला. शिरोळकडच्या एका ओढ्यातून पाच ट्रॉली जलपर्णी आणून रविवारी सकाळी तळ्यात पायऱ्यांसमोरच्या बाजूला, म्हणजे मंडपाकडे, सोडावी. (आणताना ती ताजी राहील याची काळजी घ्यावी. सुकलेली जलपर्णी पाहुण्यांना बरी दिसत नाही.)

"सोडा," जोतीराम म्हणाला. "पर त्याच्या आदी येकदा पवून यिऊ द्या. मी पल्याड जाऊन येतो, मग काय सोडायचं त्ये सोडा."

बासष्ट वर्षांचा माणूस काहीतरी मागतोय आणि त्याला रडू येईल असं वाटतंय, हे बघणं कुणालाच सोयीचं नसतं. त्यामुळे परवानगी लगेच मिळाली. अटी दोन. एक, जबाबदारी स्वतःची. दोन, पथकाचा टी-शर्ट घालून पोहू नये, कारण पथक जलपर्णी काढण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही.

रविवारी साडेआठला जोतीरामने टी-शर्ट काढून घडी घातली, काठावर ठेवली आणि तो पाण्यात शिरला. पाणी गार होतं. पहिले दहा हात दम लागला, मग लय सापडली. मागाचा धोटा जसा इकडून तिकडे जातो तसे हात आपोआप चालू लागले. अकरा मिनिटं ते सगळं तळं त्याचं एकट्याचं होतं. पलीकडच्या पायरीला हात लागला तेव्हा तो तिथेच पाण्यात बसला आणि ओल्या तोंडाने मनसोक्त रडला. तो सुखात होता, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण इतर कुठल्याही कागदावर त्याची नोंद नाही.

तो परत निघाला तेव्हा ट्रॉल्या आल्या. पाहुणे नऊला येणार असल्याने थांबायला वेळ नव्हता. पाचही ट्रॉल्या पाण्यात रिकाम्या झाल्या आणि वाऱ्याने त्यातली निम्मी जलपर्णी तळ्याच्या आत रेटली. जोतीराम काठापासून वीसेक हातांवर आला, तेव्हा त्याच्या चारही बाजूंनी हिरवंगार झालं होतं आणि पायांत मुळांचा गुंता बसला होता. तो ओरडला. त्याच क्षणी पाहुण्यांचं आगमन झालं आणि ढोल वाजू लागले.

पथकाने प्रसंगावधान राखलं असं पुढे छापून आलं, ते शब्दशः खरं आहे. जीवरक्षक ट्यूब टेबलावर तयारच होती. पण तिला फीत बांधलेली होती, आणि लोकार्पण न झालेली वस्तू वापरणं नियमात बसत नव्हतं. म्हणून तातडीने श्रीफळ वाढवलं. कात्री सापडेना, ती विश्वजितच्या खिशात होती. फीत कापली. टाळ्या झाल्या. परिस्थितीचं गांभीर्य ओळखून पाहुण्यांनी भाषण चार मिनिटांतच आटोपलं. मग ट्यूब फेकली. ती काठावरच्या जलपर्णीवर जाऊन बसली.

तोवर बायडाबाईने भुरी म्हैस पाण्यात घातली होती. म्हैस जलपर्णी खात, वाट काढत आत गेली. बायडाबाई काठावरून ओरडत होती, "शेपूट धरा अण्णा! शेपूट सोडू नगासा!" जोतीरामने शेपूट धरलं आणि तो तसाच ओढत काठाला आला. तिथे सतरा हातांनी त्याला उचललं. फोटो याच क्षणाचा आहे. त्यात पाहुणे आहेत, ट्यूब आहे, हंबीरराव आहेत, कपाळावर चिखल आहे. म्हैस कापून टाकली आहे. (फोटोतून.)

बायडाबाईने त्याच्या केसांतली मुळं काढता काढता हळूच विचारलं, "पल्याड पोचलासा न्हवं?"

"पोचलो की," जोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'जलपर्णीच्या विळख्यातून वृद्धाची थरारक सुटका, सेवा पथकाची सतर्कता'. वृद्धाच्या अंगावर टी-शर्ट नसल्याने त्याचा उल्लेख 'अज्ञात' असा होता. जलपर्णी माणसाच्या जिवावर उठू शकते हे आता सप्रमाण सिद्ध झाल्यामुळे मोहीम आणखी दोनशे रविवार वाढवण्यात आली. त्याच सोमवारी सकाळी जोतीराम आणि बायडाबाई पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा कामाला लागली होती, पण ती काही बातमी नव्हे.

सुटकेची ती बातमी तुमच्याही मोबाईलवर आली होती. तुम्ही दोन हात जोडलेत, एक अंगठा दिलात, तीन ग्रुपवर पुढे पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "या वयात नसतं धाडस करायचं कशाला?" पथक तुमचं आभारी आहे. येत्या रविवारी या. श्रमदान सात दहाला सुरू होतं, पण तुम्ही 'नंतर'च्या फोटोला आलात तरी चालेल. चिखल कालवून ठेवलेला असतो, आणि मिसळीच्या टेबलावरचे ते जास्तीचे सात जण कोण, तेही एकदाचं कळेल.