चणेवाल्यांची ल्यूबा

"परीक्षा? पास्ता उकळेपर्यंत तुला पास करून दाखवते!" आदोलोराता आजीने छातीवर हात मारून जाहीर केलं. "चौऱ्याऐंशी वर्षं इटालियन आहे मी! मास्तरीण कशाला हवी?"

ल्यूबा मूळची युक्रेनची. आठ वर्षं ती आजीची देखभाल करत होती. नागरिकत्वाच्या अर्जाला इटालियन भाषेचा दाखला हवा होता. तो मिळाला नाही, तर ती पोलंडला बहिणीकडे निघून जाणार होती. आजीला ते मुळीच नको होतं. पण तसं बोलून दाखवणाऱ्यातली आजी नव्हती. तिने सरळ शिकवणीच सुरू केली!

शिकवणी अर्थातच स्वयंपाकघरात. अंगठ्याने दाबून पिठाचे इवले इवले कान, म्हणजे तिथला घरगुती पास्ता, वळायचा आणि वळता वळता भाषा घोटायची.

"'नाही' कसं म्हणशील?"

"नाही."

"अगं, एवढा श्वास कशाला वाया घालवतेस? हनुवटी वर, जिभेने च्यक! झालं! आणि कुठली म्हणून विचारलं तर?"

"युक्रेनची."

"देश काय करायचाय कुणाला? माणूस कोणाचं ते विचारतात, पोरी! चणेवाल्यांची म्हणायचं!"

आजीच्या आजेसासऱ्याने कधीकाळी चणे विकले होते. तेव्हापासून आख्ख्या गावात त्या घराचं आडनाव फक्त पोस्टमनला माहीत होतं.

परीक्षेला दक्षिणेतल्याच बारी शहरात जायचं होतं. परीक्षक बेर्तोलिनोबाई दूर उत्तरेतल्या तुरीनच्या, कडक इस्त्रीच्या. आजी बाहेरच्या बाकावर बसली, पण कान दाराला लावून.

"लग्न झालंय?"

ल्यूबाने हनुवटी वर केली. च्यक!

"मुलं?"

च्यक!

"बाई, तोंडाने बोला! ही बोलण्याची परीक्षा आहे. राष्ट्रीयत्व काय तुमचं?"

घाबरून ल्यूबा सगळं विसरली. आठवलं ते एवढंच.

"चणेवाली!" ती म्हणाली, तेही थेट आजीच्या गावठी बोलीत.

बेर्तोलिनोबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "पुढच्या वेळी तयारी करून या," असं म्हणत त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं!

"ए तुरीनच्या काडी! चणेवाली म्हणाली ना ती? मग त्यात न कळण्यासारखं काय आहे?" आजी काठी आपटत आत शिरली.

"आजी, कृपा करून इटालियनमध्ये बोला."

"मग आता काय चिनी बोलतेय?"

बेर्तोलिनोबाई हवालदिल झाल्या. ल्यूबा पटकन उठली आणि स्वच्छ, सुरेख इटालियनमध्ये म्हणाली, "आजी म्हणतायत, आपण दमलेल्या दिसता. जरा पाणी घ्या."

"सांग तिला! मला न्यूमोनिया झाला तेव्हा ही पोर अकरा दिवस खुर्चीत झोपली. माझी पोटची मुलं मिलानहून फोन करत होती! तुझा कागद मिळो न मिळो, ही आमचीच आहे!"

हे मात्र ल्यूबाने शब्दन् शब्द सांगितलं. बेर्तोलिनोबाईंचं पेन हवेतच राहिलं.

"इतकं सुंदर इटालियन? कुठे शिकलात?"

"डॉक्टरांकडे, बँकेत, पोस्टात. सगळीकडे आजींचं म्हणणं मीच समजावून सांगते. आठ वर्षं झाली."

बेर्तोलिनोबाईंनी 'उत्तीर्ण' लिहून खाली ठसठशीत रेघ ओढली. मग आजीकडे बघत त्या हळूच ल्यूबाला म्हणाल्या, "यांनाही सांगा, नवशिक्यांचा वर्ग ऑक्टोबरात सुरू होतोय. जागा शिल्लक आहे."

ल्यूबा आजीकडे वळली. "बाई म्हणतायत, तुम्ही मला फार छान शिकवलंत."

आजी दिवसभर टीव्हीसमोर बसणारी. तिला इटालियन बोलता येत नसलं, तरी कळत होतं सगळं! तिने ल्यूबाचा हात घट्ट धरला आणि खाली बघत पुटपुटली,

"सांग तिला, येते म्हणावं ऑक्टोबरात. पण पहिल्या बाकावर नाही बसणार."