सुनेला अडवलं तर

व्हर्लीनबाईंनी जेवणाच्या टेबलावर नारिंगी टी-शर्टांचा ढीग आपटला, तेव्हाच सुयापाच्या लक्षात आलं की आता चर्चेला जागा उरलेली नाही. ब्रूसार्ड घराण्यात टी-शर्ट छापून आले म्हणजे बेत पक्का. छातीवर जहाजाचं चित्र होतं आणि पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘व्हर्लीनची पासष्टी’. तान्ह्या नातवापासून व्हर्लीनबाईंच्या भावापर्यंत, रॉयसमामांपर्यंत, सगळ्यांच्या मापाचे टी-शर्ट त्या ढिगात होते.

"गॅल्व्हेस्टनहून निघायचं. एक दिवस मेक्सिको, एक दिवस रोआतान, मग घरी," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा कुणी आजारी पडायचं नाही आणि कुणी मरायचंही नाही."

रोआतानचं नाव ऐकलं आणि सुयापाचा हात ताटातच थांबला. रोआतान म्हणजे होंडुरासचं बेट. समोरच्या किनाऱ्यावर ला सेइबा, आणि ला सेइबात तिची आई. सकाळच्या बोटीत बसली तर आई न्याहारीच्या वेळेला बेटावर पोचेल. क्लेटनशी लग्न करायला सुयापा टेक्सासला आली त्यानंतर मायलेकींची भेटच नव्हती. लग्न झालं, ग्रीन कार्डाचा अर्ज गेला आणि तो सरकारदरबारी जो जाऊन बसला तो बसलाच.

"मला नाही येता येणार, मिस व्हर्लीन," ती म्हणाली. म्हणताना तिला रडूच आलं होतं. "अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अर्ज रद्द."

"पाऊल टाकायला सांगतंय कोण? तू जहाजावरच बसून राहा. जहाज गॅल्व्हेस्टनहून निघतं, गॅल्व्हेस्टनलाच परत येतं. मग बाहेर गेलं कुठे?"

"आणि मधला समुद्र कुणाच्या बापाचा नसतो," रॉयसमामांनी कायदा सांगितला. मामांनी आयुष्यभर गाड्यांचे टायर विकले होते, पण कायद्यावर बोलताना ते कधी अडखळत नसत. "कुणाचाच नाही म्हणजे आपलाच."

क्लेटनने मामांकडे बघून मान डोलावली, मग बायकोकडे बघून डोलावली. तो फार गुणी मुलगा होता. शेवटी सुयापाने वकीलबाईंना फोन लावला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"जहाजाने जा, विमानाने जा, नाहीतर पोहत जा," वकीलबाईंचा आवाज आला. "परदेशी बंदराला लागलात की देश सोडलात. खोलीत पांघरूण घेऊन झोपलात तरी सोडलात. जायचंच असेल तर प्रवासाची परवानगी आधी मागा. ती हातात पडल्याशिवाय जहाजावर चढू नका."

"आणि ती मिळाल्यावर काळजी मिटली ना?" व्हर्लीनबाईंनी विचारलं.

"बऱ्यापैकी. तरी परत आल्यावर आत घ्यायचं की नाही, हे बंदरावरचा अधिकारी ठरवतो."

हे शेवटचं वाक्य व्हर्लीनबाईंच्या डोक्यात शिरलं ते बाहेर निघेना. त्या कुठलीच गोष्ट अर्धवट करत नसत. बेफिकीर होत्या तेव्हा पुरत्या बेफिकीर होत्या. आता घाबरल्या त्याही पुरत्या घाबरल्या. परवानगीचा अर्ज गेला त्या दिवसापासून त्यांना स्वप्नात सून एखाद्या ओसाड धक्क्यावर नारिंगी टी-शर्ट घालून उभी दिसू लागली.

तिकडे ला सेइबात मात्र काळजीचं नाव नव्हतं. दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे सुयापाची आई, रोज फोन करायची.

"नारळाचा पाव करते. मासा तळून आणते. तुझ्या सासूला तिखट चालतं का गं?"

"आई, अजून परवानगी आलेली नाही."

"येईल तेव्हा येईल. मी तिखटाचं विचारतेय."

परवानगी आली, आणि सुयापा तो कागद छातीशी धरून स्वयंपाकघरात चक्क नाचली. नाच संपायच्या आत व्हर्लीनबाईंनी कागद ताब्यात घेतला. त्याच्या प्रती काढल्या. प्रती झिपच्या पिशव्यांत घातल्या, त्या पिशव्या आणखी मोठ्या पिशवीत घातल्या. रोज रात्रीच्या जेवणानंतर उजळणी सुरू झाली. व्हर्लीनबाई चष्मा नाकावर ओढून अधिकारी व्हायच्या आणि सुयापाने समोर उभं राहायचं.

"नवऱ्याचं नाव?"

"क्लेटन ब्रूसार्ड."

"तो झोपेत घोरतो का?"

"मॉम!" क्लेटन म्हणाला.

"तू गप्प बस. अधिकारी विचारेल तेव्हा लाजणार आहेस का? सासूचा स्वभाव कसा आहे?"

"प्रेमळ," सुयापा म्हणाली.

"हं. हे उत्तर छान आहे. पण जरा लवकर देत जा."

अडचण आलीच तर काय करायचं, हेसुद्धा बाईंनी सगळ्यांदेखत ठरवून टाकलं. सुनेला अडवलं तर रॉयस तिच्याबरोबर मागे थांबेल आणि तिला गाडीने घरी नेईल. बाकीच्यांनी मागे वळून न बघता जहाजावर चढायचं.

"मीच का?" रॉयसमामांनी विचारलं.

"कारण तुला समुद्र लागतो."

"मला समुद्र लागत नाही. मला तुझं बोलणं लागतं."

पण ठरलं ते ठरलं. बाकीच्यांच्या कागदपत्रांची कुणाला फिकीर नव्हती. आपण इथलेच, आपल्याला जन्माचा दाखला आणि गाडीचं लायसन्स दाखवलं की पुरतं, असं व्हर्लीनबाईंनी जाहीर केलं होतं, आणि ते खरंही होतं.

रविवारी सकाळी गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर ब्रूसार्ड मंडळी लांबून ओळखू येत होती. व्हर्लीनबाईंनी सुनेला सगळ्यांत पुढे ठेवलं. काय होणार ते एकदाचं होऊन जाऊ दे. सुयापाने कागद पुढे सरकवले. काउंटरवरच्या मुलीने तिचा पासपोर्ट पाहिला, परवानगीचा कागद पाहिला, दोनचार बटणं दाबली आणि कार्ड हातात ठेवलं.

"मजा करा," ती म्हणाली.

"एवढंच?" व्हर्लीनबाईंचा जरा विरसच झाला. "घोरण्याचं नाही विचारायचं?"

"पुढे या, मॅम. तुमचा दाखला?"

व्हर्लीनबाईंनी बॅग उघडून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक काचेची फ्रेम काढली आणि अभिमानाने काउंटरवर उभी केली. फ्रेममध्ये जाडसर पिवळा कागद होता. वर चोचीत बाळाचं गाठोडं धरलेल्या करकोच्याचं चित्र, खाली रुग्णालयाचं नाव, आणि मध्ये तान्ह्या बाळाच्या पावलांचे दोन काळे ठसे.

मुलीने फ्रेम उलटून पाहिली, सुलटून पाहिली. "मॅम, हा दाखला नाही. हे रुग्णालय आठवण म्हणून देतं. आम्हाला सरकारी हवा."

"आठवण? अगं, ही पावलं माझी आहेत!"

"असतील, मॅम."

"असतील नाही, आहेत!" आणि कुणी अडवायच्या आत बाई सुटकेसवर बसल्या, चप्पल काढली आणि पाय काउंटरच्या दिशेने वर केला. "घे, जुळवून बघ. आता वाढलीत जरा, पण अंगठा तोच आहे."

"मॅम, पाय खाली घ्या."

मग शोधाशोध सुरू झाली. बाईंनी मतदार कार्ड दाखवलं. चर्चमधल्या गायनवृंदाचा बिल्ला दाखवला. रॉयसमामांनी आपण सख्खे भाऊ असून जन्माच्या वेळी घरातच होतो, अशी साक्ष द्यायची तयारी दाखवली. पण मामा बहिणीहून धाकटे निघाले. बाईंचा जन्म शेजारच्या राज्यातला, लेक चार्ल्स नावाच्या गावातला. तिथल्या कचेरीला फोन लावला, तर रविवार. क्लेटनने रुग्णालयाला फोन करायचं सुचवलं, तर त्या जागी आता फर्निचरचं दुकान होतं. मागे रांग वाढत चालली होती. रांगेतल्या कुणीतरी टी-शर्टाची पाठ वाचली आणि वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. बघता बघता सगळी रांग गाऊ लागली, आणि व्हर्लीनबाई एका पायात चप्पल घालून ते ऐकत राहिल्या.

गाणं संपल्यावर त्या मुलीने हळूच सांगितलं, "सॉरी, मॅम. बाकीचे जाऊ शकतात."

बाकीचे चुळबुळले. पैसे परत मिळत नाहीत हे त्यांना चांगलं पाठ होतं, आणि मागे वळून बघायचं नाही हेही. एकेक नारिंगी पाठ जिन्याकडे सरकू लागली. रॉयसमामाही त्यांच्यात मिसळून चालले होते.

"रॉयस!" व्हर्लीनबाई म्हणाल्या.

मामा थांबले. "ते सुनेला अडवलं तर ठरलं होतं."

"जिला अडवतील तिच्याबरोबर."

मामांनी जहाजाकडे एकवार डोळे भरून पाहिलं आणि गाडीच्या किल्ल्यांसाठी क्लेटनपुढे हात पसरला.

सुयापा मात्र जागची हलली नव्हती. सासू सुटकेसवर बसून चपलेचा पट्टा लावत होती आणि तो लागत नव्हता. सुयापा खाली बसली आणि तिने तो लावून दिला. "मीही थांबते, मिस व्हर्लीन," ती म्हणाली. म्हणताना तिला मनातून एकच हवं होतं, सासूने नको म्हणावं. आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली.

"थांबून काय करशील? रॉयसचा चेहरा बघत बसशील?" व्हर्लीनबाईंनी नाक पुसलं. "पोरी, जहाजं कॅरिबियन समुद्रात शंभर ठिकाणी जातात. मी हेच का घेतलं असेन? तुझी आई तिकडे मासा तळून उभी राहणार आहे. ऊठ. आणि हा प्रालीनच्या वड्यांचा डबा त्यांना दे. म्हणावं, विहिणीने स्वतः केल्यात, पाक थोडा पुढे गेलाय."

सुयापा सासूच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. क्लेटनने दोघींकडे बघून मान डोलावली.

कुणाचा जीव टांगणीला लागायला नको, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकायला हवं. परत आल्यावर अधिकाऱ्याने सुयापाला जरा वेळ बाजूच्या खोलीत बसवलं, कागद पाहिला, शिक्का मारला आणि सोडलं. घोरण्याबद्दल त्यानेही विचारलं नाही.

पण त्याआधी रोआतान आलं. फाटकाबाहेर दोन्या एर्मेलिंदा ठेवणीतला निळा झगा घालून, पायाशी टोपली ठेवून उभी होती. बोटीतून येताना वाऱ्याने तिचे केस पार विस्कटले होते. मायलेकी एकमेकींना अशा बिलगल्या की मागून येणाऱ्या प्रवाशांना वळसा घालून जावं लागलं. मग आईने जावयाला मिठी मारली, आणि मग त्याच्या मागे, त्याच्याही मागे बघू लागली.

"विहीणबाई कुठायत? मी त्यांच्यासाठी वेगळा, बिनतिखटाचा मासा आणलाय."

"त्यांना नाही येता आलं, आई. बंदरावरच अडवलं."

"अगं बाई! का?"

"कागद नव्हते त्यांच्याकडे."

दोन्या एर्मेलिंदाचा हात छातीवर गेला. तेवढ्यात क्लेटनने आपल्या आईला फोन लावला होता. पडद्यावर व्हर्लीनबाई दिसल्या. अंगात नारिंगी टी-शर्ट, मागे घरचा सोफा, आणि सोफ्यावर चिप्स खाणारे रॉयसमामा. बाईंनी हात हलवला. त्यांना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण दोन्या एर्मेलिंदा त्या चेहऱ्याकडे मोठ्या मायेने बघत राहिली.

"किती वर्षं झाली गं त्यांना त्या देशात राहून?"

"पासष्ट," सुयापा म्हणाली.

"पासष्ट वर्षं! आणि अजून कागद नाहीत?" आईचे डोळे भरून आले. तिने फोन लेकीच्या नवऱ्याच्या हातातून घेतला आणि अगदी तोंडाजवळ धरला. "सांग त्यांना, धीर सोडू नका म्हणावं. आणि समजा उद्या हाकलून दिलंच, तर कुठेही भटकू नका, सरळ माझ्याकडे या. मागची खोली रिकामीच असते."

"काय म्हणाल्या त्या?" पलीकडून व्हर्लीनबाईंनी विचारलं.

सुयापाने एकही शब्द न गाळता सांगितलं.